वाचक विचारतात : छपरावरची सौर वीज आणि गोव्याचा हिशेब

सौर पॅनेलविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून वीजदर गोल केले आहेत : घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांना २ रुपये, पुढच्या शंभराला ३, मग ४, मग ५ आणि ४०० च्या वर ६ रुपये. प्रत्यक्ष दर याहून थोडे खाली-वर असतात आणि संयुक्त वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात. आपले ताजे बिल जवळ ठेवून त्यातले आकडे घाला, पद्धत तीच राहील.

प्रश्न : आमचे बिल महिन्याला सरासरी ४५० युनिटांचे येते. घरात दोन एसी आणि गीझर आहे. पुण्यातल्या भावाने ३ किलोवॅट बसवले, त्याचे पैसे चार वर्षांत फिटतील म्हणतो. इथला ठेकेदारही चारच वर्षे सांगतो. हे खरे धरावे का? (फोंडा)

उत्तर : भावाचे खरे असेल, ठेकेदाराचे नाही. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १०० युनिटांच्या पुढे, वहन आकार धरून, युनिटमागे दहा रुपयांच्या वर मोजावे लागतात. गोव्यात वीज स्वस्त आहे. पॅनेल तेच, ऊन जवळपास तेच, पण वाचलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत इथे निम्म्याहून कमी. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून गोव्याचा हिशेब करू नये तो यासाठीच.

आता तुमचे आकडे. गोव्यात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतात. ३ किलोवॅटचे वर्षाला ४,०५० धरू, म्हणजे महिन्याला सरासरी ३४०. ४५० तून ३४० गेले की ११० उरले. सौर वीज बिल वरच्या टप्प्याकडून कापत येते, हे लक्षात घ्या : सहा रुपयांचे ५० युनिट (३०० रु.), पाचाचे १०० (५०० रु.), चाराचे १०० (४०० रु.) आणि तीन रुपयांचे ९० (२७० रु.). एकूण महिन्याला १,४७० रुपये, वर्षाला साडेसतरा हजारांच्या थोडे वर. युनिटांवर लागणारा इंधन अधिभार आणि वीज शुल्क वाचते ते वेगळे.

खर्च : करासह १ लाख ९० हजार धरा. पीएम सूर्यघर योजनेचे केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये. तुमच्या खिशातून १ लाख १२ हजार. म्हणजे सहा ते सात वर्षे. पॅनेलच्या वीज-उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते, तेव्हा सौदा चांगलाच आहे. फक्त चार वर्षांचा नाही.

कर्ज काढणार असाल तर ३ किलोवॅटपर्यंत तारण न ठेवता, रेपो दराच्या वर अर्धा टक्का अशा व्याजाने मिळते. १ लाख १२ हजारांना दहा वर्षांचा हप्ता तेराशेच्या आसपास बसतो. बिलात वाचणाऱ्या पैशातून हप्ता सुटतो, थोडे वर उरते. मधल्या काळात इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बदलावा लागण्याची शक्यता मात्र धरून चाला. त्याची हमी पाच ते दहा वर्षांचीच असते.

प्रश्न : आम्ही घरात तिघे. बिल १८० युनिटांच्या पुढे जात नाही. ‘अनुदान आहे तोवर ३ किलोवॅट घालून टाका, बिल शून्य’ असे सगळे सांगतात. (साखळी)

उत्तर : घालू नका. निदान ३ तर नकोच. तुमच्या १८० युनिटांची किंमत २०० आणि २४० मिळून ४४० रुपये. पॅनेल कितीही लावले तरी महिन्याला वाचणार तेवढेच. वर्षाला ५,२८० रुपये वाचवण्यासाठी १ लाख १२ हजार घातले तर फिटायला एकवीस वर्षे. १ किलोवॅटचे गणित थोडे बरे : ७५,००० खर्च, ३०,००० अनुदान, ४५,००० तुमचे. महिन्याला ११२ युनिट, त्यात तीन रुपयांचे ८० आणि दोन रुपयांचे ३२, म्हणजे ३०४ रुपये. तरीही बारा वर्षे लागतात.

उरलेली वीज सरकारी वीज खात्याला जाते हे खरे. तिची शिल्लक पुढच्या बिलांत वळती होते आणि हिशेबाचा काळ संपल्यावर उरलेल्या युनिटांना आयोग ठरवील तो दर लागतो. त्या आशेवर जास्तीचे पॅनेल घेण्यात अर्थ नाही. शिवाय बिल शून्य होत नाहीच, स्थिर आकार राहतो.

विजेवरची स्कूटर, नवा एसी किंवा इंडक्शन शेगडी येत्या वर्षभरात नक्की येणार असेल तर वाढलेले युनिट धरून पुन्हा मांडा. महिन्याला ३०० युनिटांच्या खाली गोव्यात घाई करण्यासारखे काही नाही, असे आमचे मत. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे एवढे ध्यानात असू द्या.

प्रश्न : ३ किलोवॅटसाठी तीन कोटेशने आली : १ लाख ५५ हजार, १ लाख ८५ हजार आणि २ लाख २० हजार. तिन्हींत ‘पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, इन्स्टॉलेशन’ एवढेच लिहिले आहे. निवड कशी करावी? (मडगाव)

उत्तर : असल्या चार शब्दांच्या कोटेशनवरून निवड होऊच शकत नाही. तिघांनाही परत पाठवा आणि पुढील गोष्टी लिहून मागा.

पॅनेल : कंपनी, मॉडेल, वॅट आणि नग. ५४० वॅटचे सहा म्हणजे ३.२४ किलोवॅट. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे ‘डीसीआर’ असावे लागतात. नुसते ‘मेड इन इंडिया’ पुरत नाही, कारण बाहेरचे सेल आणून इथे जोडलेले पॅनेलही तसे म्हणवते. डीसीआर पॅनेल महाग असते. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा इथेच काटछाट केलेली असते. पॅनेल आले की वर चढवण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा.

डीसीडीबी आणि एसीडीबी, म्हणजे इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या संरक्षक पेट्या : त्यांत फ्यूज किंवा एमसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेले व्होल्टेज जमिनीत सोडणारा भाग) आहे का? मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कडाडतात तेव्हा इन्व्हर्टर वाचतो तो या हजार-दोन हजारांच्या भागामुळे. वीज जोडण्याआधी ठेकेदाराला पेटी उघडून दाखवायला सांगा, आत हात घालू नका. काही पेट्यांत सर्ज प्रोटेक्टरची जागा असते आणि प्रोटेक्टर नसतो.

अर्थिंग : तीन वेगवेगळे खड्डे हवेत. एक पॅनेल व सांगाड्याचा, एक इन्व्हर्टर व त्याच्या घराकडच्या (एसी) बाजूचा, एक वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. वीजरोधकाची तार दुसऱ्या अर्थिंगला जोडून एक खड्डा वाचवणे ही इथली नेहमीची चलाखी आहे. वीज पडली तर ती त्याच वाटेने इन्व्हर्टरमध्ये येते.

वायर : पॅनेलकडून येणारी ४ चौरस मिलिमीटरची सौर डीसी वायर, उन्हात टिकणाऱ्या आवरणाची. साधी घरगुती वायर उन्हात तडकते. जोडणी एमसी-४ कनेक्टरने, आणि दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे एकमेकांत बसतात, पण आत नीट टेकत नाहीत. तापतात आणि वितळतात.

कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सगळे काम एकत्र दिल्यास किमतीच्या ७० टक्क्यांवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८ टक्के लागतो, म्हणजे एकूण ८.९ टक्के. १,८०,००० च्या कामावर १६,०२० रुपये. जुना १३.८ टक्क्यांचा आकडा लावलेले कोटेशन आले तर तिथेच बोट ठेवा.

पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर योजनेच्या करारानेच बंधनकारक आहे. तिचे वेगळे पैसे मागणाऱ्याला तो करार दाखवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा) बसून वीज सुरू झाल्यावरच. अनुदान तुमच्या बँक खात्यात येते, विक्रेत्याच्या नाही. ‘अनुदान आम्ही वजा करून घेतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

प्रश्न : घर समुद्रापासून जेमतेम चारशे मीटरवर आहे. शेजाऱ्याच्या सौर सांगाड्याला तिसऱ्याच पावसाळ्यात गंज चढला. आमचा कसा टिकेल? (काणकोण)

उत्तर : शेजाऱ्याचा सांगाडा ‘जीआय’, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचाच असणार. पण जीआय दोन तऱ्हेचे. बाजारात सहज मिळणाऱ्या, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पाइपावर १२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम जस्त) असे लिहिलेले असते. ते दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला जस्ताचा थर ८-९ मायक्रॉनचाच निघतो. तुम्हाला हवा तो कापून, वेल्डिंग करून, भोके पाडून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेला, ‘हॉट डिप’ ८० मायक्रॉनचा सांगाडा. जाडी मोजायचा मीटर ठेकेदाराकडून आणवून समोर मोजून घ्या.

गंजाची सुरुवात बहुतेक वेळा वेल्डिंगच्या जागी होते. छपरावर उभे राहून वेल्डिंग केले की तिथले जस्त जळून जाते आणि वर चंदेरी रंग फासला की डोळ्याला काही कळत नाही. म्हणून छपरावर फक्त नट-बोल्टची जोडणी, अशी अट कोटेशनमध्येच घाला. एखादे भोक पाडावे लागलेच तर जस्तयुक्त कोल्ड गॅल्व्हनायझिंगचे दोन हात लावायचे. बोल्ट ३०४ ऐवजी ३१६ स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वर तांबूस डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते क्षार सोसते. सहा पॅनेलांच्या कामात फरक काही शे रुपयांचा पडतो.

पॅनेल निवडताना क्षारधुक्याची आयईसी ६१७०१ चाचणी झालेले मागा. इन्व्हर्टर समुद्राकडच्या भिंतीवर नको. घराच्या मागे, पावसाची झड येणार नाही आणि दुपारचे ऊन लागणार नाही अशा जागी.

प्रश्न : जुने कौलारू घर, एका बाजूला माड, मागे फणस. केलडी (माकडे) येतात. पॅनेल बसतील का? (वाळपई)

उत्तर : बसतात, पण कौलांवर घाई नको. मंगळुरी कौलांखाली वाशांना अडकवायचे पोलादी हुक मिळतात. हुक कौलाच्या खालून बाहेर काढायचा, कौल थोडे घासायचे आणि रुळ हुकांवर टाकायचे. एका पॅनेलचे वजन २८ किलोच्या आसपास; सांगाड्यासह सहांचे भार दोनशे किलोंच्या वर. वजन छप्पर सहसा पेलते. खरी भीती वाऱ्याची, कारण तो पॅनेलखाली शिरून वर उचलतो आणि सगळा जोर वाशांवर येतो. म्हणून आधी सुताराला बोलावून वासे, रिपा आणि भिंतीवरची पाट तपासून घ्या. वाळवी लागलेल्या वाशाला हुक मारण्यात अर्थ नाही. वासे जुने असतील तर अंगणात किंवा गोठ्याच्या बाजूला जमिनीवर पाइपांचा सांगाडा उभारणे बरे. जागा ३ किलोवॅटला २५ ते ३० चौरस मीटर लागते.

माडाची सावली बारीक दिसते म्हणून लोक सोडून देतात. एका ओळीतले पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली की त्या ओळीची वीज घटते. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात सावली नको. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात, तेव्हा पाहणी त्याच महिन्यात करा. मे महिन्यात मोकळी दिसलेली जागा हिवाळ्यात फसवते.

नारळाचे म्हणाल तर पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या गारेचा मारा सोसते अशी चाचणी असते. उंचावरून पडलेला नारळ ती सोसत नाही आणि हमीतही बसत नाही. माडाखाली पॅनेल नकोच, किंवा नारळ उतरवणाऱ्या पाडेलीला वेळेवर बोलवा. केलडी पॅनेलवर नाचली तर काच सहसा फुटत नाही. त्या खालच्या वायरी ओढतात. वायरी पाइपातून न्या आणि पॅनेलच्या कडांना जाळी लावून घ्या.

गच्चीवर पावसाचे पाणी अडवायला पत्र्याची शेड घातलेली घरे आता पुष्कळ आहेत. त्यांनी स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, पन्हळीत नाही, आणि प्रत्येकाखाली ईपीडीएम रबराचा वॉशर घ्यायचा. पॅनेल पत्र्यापासून १०-१५ सेंटिमीटर वर ठेवा. तापलेले पॅनेल कमी वीज देते : २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.३५ टक्के. पत्र्याला चिकटवलेले पॅनेल दुपारी ६० अंशांच्या पुढे गेले की दहाव्या भागाहून अधिक वीज तिथेच जाते.

प्रश्न : वीज मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. घर काकांसह सामायिक. अर्ज कोणाच्या नावाने करायचा? (डिचोली)

उत्तर : आधी मीटर नावावर करून घ्या, मगच अर्ज. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी ग्राहक क्रमांकावरून होते. बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळले नाही तर अनुदान अडकते. तेव्हा पॅनेल छपरावर आणि पैसे अधांतरी, अशी अवस्था होते. वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात नावबदलाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि काकांचे व इतर हिस्सेदारांचे ना हरकत पत्र लागेल. छप्पर सामायिक असेल तर त्याच पत्रात पॅनेल बसवायची संमतीही लिहून घ्या. घरातली एकी आज आहे म्हणून हा कागद सोडू नका, पॅनेल पंचवीस वर्षे राहायचे आहे.

त्याच फेरीत मंजूर भार पाहून घ्या. बिलावर १ किंवा २ किलोवॅट असेल आणि ३ चे पॅनेल घालायचे असेल तर भार वाढवावा लागू शकतो. भार वाढला की स्थिर आकारही वाढतो, तो हिशेबात धरा. बाकी १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार वेगळी तांत्रिक पाहणी न करता मान्यता मिळाली असे धरले जाते.

प्रश्न : पावसात वीज वारंवार जाते. सौर असल्यावर घरात लाइट राहील ना? (पेडणे)

उत्तर : नाही. अनुदानात बसणारा साधा ऑनग्रिड, म्हणजे खात्याच्या तारांशी (ग्रिडशी) जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःला बंद करतो, कडक उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून ही सोय आहे. ती काढून टाकायला सांगू नका.

दिवे-पंख्यांसाठी घरात असलेला बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच ठेवा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी १.८ युनिट साठवते, त्यातले निम्मे वापरावे. मात्र ऑनग्रिडची आउटपुट वायर कधीही घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुट बाजूला जोडू देऊ नका. वीज गेल्यावर सौर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून सुरू होतो, उलटी वीज ढकलतो आणि बॅटरीचा इन्व्हर्टर जळतो. सौर वीज मुख्य बोर्डावर, मीटरच्या बाजूलाच यायला हवी. लिथियम बॅटरी आणि हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर घेतला तर खर्च लाखाच्या घरात वाढतो आणि बिलातली बचत तेवढीच राहते. ती सोय आहे, बचत नव्हे.

प्रश्न : ऐन दुपारी इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, तासाभराने सुरू होतो. विक्रेता वीज खात्याकडे बोट दाखवतो. (कुडचडे)

उत्तर : दोघांपैकी कोण, ते मोजून ठरवा. दुपारी बारा-एकला इन्व्हर्टरवरचे व्होल्टेज पाहा आणि त्याच वेळी मीटरपाशी मल्टिमीटर लावा. दोन्हींत चार-पाच व्होल्टचा फरक असेल तर दोष तुमच्या वायरीचा. ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर वाहतात. इन्व्हर्टर मीटरपासून ३० मीटर लांब आणि वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल तर साडेतीन व्होल्ट तिथेच चढतात. १० ची तांब्याची वायर टाकली की दीडच्या खाली येतात. फरक नसेल आणि मीटरपाशीच २५० च्या पुढे दिसत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) किंवा सैल न्यूट्रल हे कारण असू शकते. वेळ आणि आकडे लिहून सहायक अभियंत्याकडे लेखी तक्रार द्या. विक्रेत्याने इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून दिली तर घरातल्या फ्रीज-टीव्हीला ते जास्तीचे व्होल्टेज सोसावे लागते.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर स्वतःच्या फ्लॅटसाठी लावता येईल का? (म्हापसा)

उत्तर : गच्ची सगळ्यांची, त्यामुळे सोसायटीचा ठराव आणि ना हरकत पत्र हवे. बारा फ्लॅटांपैकी दोघांनी गच्ची अडवल्यावर पुढे भांडण होते. त्यापेक्षा लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी सोसायटीनेच लावावे. सामायिक सोयींसाठी सोसायट्यांना किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे.

प्रश्न : धुण्याचे काय? आमच्याकडे खाणीची लाल धूळ बसते. (सांगे)

उत्तर : नोव्हेंबर ते मे पंधरा दिवसांनी, ट्रकच्या रस्त्याला लागून घर असेल तर आठवड्याने. पहाटे किंवा संध्याकाळी, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारायचे नाही. बोअरवेलच्या पाण्यातले लोह आणि क्षार काचेवर पांढरट-पिवळे डाग सोडतात. साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरा. मऊ फडके किंवा लांब दांड्याचा मॉप, साबण पावडर नको. पावसाळ्यात धूळ आपोआप जाते, पण पॅनेलच्या खालच्या कडेला पाणी साचून शेवाळ धरते. सप्टेंबरअखेर ती कड ओल्या फडक्याने पुसून घ्या, खरवडू नका. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. तेवढ्या डागाखालचा सेल तापतो आणि तिथे पॅनेल कायमचे करपते.